पोर्तुगाल : ७६ किलोमीटर, एकटं आणि पायी

‘युरोप ट्रिप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि काका-काकूंच्या ‘दहा दिवसांत सात देश’ टूरचा अल्बम. त्यात निम्मे फोटो बसच्या काचेतून काढलेले आणि प्रत्येकात काचेवर कुणाचं तरी प्रतिबिंब!

आता हा प्लॅन ऐका. देश एकच. दिवस चार. बस नाही, गाइड नाही, ग्रुप तर नाहीच. पाठीवर सात किलोची सॅक, पायात बूट आणि उजव्या हाताला अटलांटिक महासागर. रोज सकाळी एका गावातून निघायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावात पोचायचं. बास.

देश आहे पोर्तुगाल. मागच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी मी लिस्बनमध्ये होते. ईस्टरच्या सुट्टीत रूमवरच्या मुली पॅरिस आणि बार्सिलोना ‘करायला’ गेल्या, मी ही वाट चालले. पण ही काही माझी डायरी नाही. उद्या तुम्ही चालायचं ठरवलंत तर काय दिसेल, काय खुपेल आणि काय कामी येईल, ते सांगायचंय. त्यातलं काही कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतं, आणि माझ्या मते तेच पायी जाण्याचं खरं कारण आहे.

अनोळखी देश, ओळखीचे शब्द

पोर्तुगाल आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या वर, म्हणजे आपल्या मुंबईहून कमी. आपल्याला हा देश माहीत असतो तो इतिहासाच्या पुस्तकातल्या वास्को द गामामुळे, गोव्यामुळे आणि रोनाल्डोमुळे. त्यापलीकडे पाटी कोरी.

तरी पहिल्याच दिवशी तुमची गंमत होते. किराणा दुकानात बटाट्याच्या ढिगावर पाटी असते, ‘बताता’. बेकरीत ‘पांव’ मागायचा. हॉस्टेलवाली बाई किल्ली हातात ठेवते आणि म्हणते ‘शाव्ह’. ही आपली चावी. बादलीला ‘बाल्द’, कोबीला ‘कोव्ह’, घमेल्याला ‘गामेला’, लिलावाला ‘लेइलांव’. कॅफेत बिल द्यायचं असेल तर क्रियापद आहे ‘पागार’. हो, तोच आपला पगार! चारेकशे वर्षांच्या शेजारात हे शब्द मराठीत येऊन असे मुरलेत की आपल्याला ते परके वाटतच नाहीत. बटाटा आणि काजू तर नुसते शब्द म्हणून आले नाहीत; पोर्तुगीज जहाजांनी ती पिकंच अमेरिकेतून आपल्याकडे आणली.

म्हणजे भाषा येत नाही, पण दहा-बारा शब्द तुमच्या खिशात आधीच आहेत. एकट्या माणसाला तेवढा आधार पुरतो. त्यात ‘बों दीआ’ हे सकाळचं नमस्कारासारखं आणि ‘ओब्रिगादा’ हे धन्यवाद, एवढी भर घाला. मुलगे असाल तर ‘ओब्रिगादु’ म्हणायचं. आणि शब्दाच्या शेवटी ‘स’ आला की बिनधास्त ‘श’ म्हणायचं. निम्मे पोर्तुगीज तिथेच झालात!

दोन पुलांचा देश

लिस्बनहून दक्षिणेकडे जायला तेजो नदी ओलांडावी लागते. तिच्यावर दोन प्रचंड पूल आहेत. एकाचं नाव वास्को द गामा, दुसऱ्याचं ‘२५ एप्रिल’. हा दुसरा पूल १९६६ मध्ये झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांमध्ये कार्नेशनची लाल फुलं खोचली, आणि मग पुलाचं नाव बदललं.

याचा आपल्याशी काय संबंध? गोवा १९६१ च्या डिसेंबरमध्ये मुक्त झाला, पण सालाझारच्या पोर्तुगालने ते मान्यच केलं नव्हतं. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार केला आणि गोवा भारताचा असल्याचं कागदावर मान्य केलं. पुढे गोव्याशी रक्ताचं नातं असलेले आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते. म्हणून एखाद्या गावात ‘इंडिया’ म्हटल्यावर एखादे आजोबा मान वर करून ‘गोवा?’ असं विचारतात, तेव्हा दचकू नका. मला दोनदा विचारलं. ‘नाही, त्याच्या वरचं राज्य,’ एवढं हाताने हवेत नकाशा काढून सांगता येतं.

नदीपलीकडचा प्रदेश म्हणजे आलेंतेजु. नावाचा अर्थच ‘तेजोच्या पलीकडे’. बसच्या खिडकीतून बुचाच्या ओकची झाडं दिसतात. त्यांची साल काढलेली खोडं विटकरी-लाल दिसतात आणि त्यांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा असतो. साल कोणत्या वर्षी काढली त्या वर्षाचा तो शेवटचा आकडा. एकदा साल काढली की पुढची नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. जगातलं जवळपास निम्मं बूच या एका देशातून येतं. घाई न करणाऱ्या माणसांचा प्रदेश आहे, हे तिथेच कळतं.

कोळ्यांची वाट

आपली वाट आहे ‘त्रिल्यु दुश पेश्कादोरेश’, म्हणजे कोळ्यांची वाट. ‘रोटा व्हिसेंटिना’ नावाच्या पायवाटांच्या जाळ्याचा हा भाग. सिनेश शहराच्या दक्षिणेकडून सुरू होऊन ती थेट आल्गार्व्हमधल्या लागुशपर्यंत जाते, सव्वादोनशे किलोमीटर. (सिनेश म्हणजे वास्को द गामाचं जन्मगाव. तो तिकडून आपल्याकडे आला, आता तुम्ही उलटे आलात!) सगळी वाट चालायला तेरा दिवस लागतात. पण त्यातले चार टप्पे सगळ्यात लोकप्रिय आहेत, आणि पहिल्यांदा चालणाऱ्याला तेवढे भरपूर होतात : पोर्तो कोव्हो ते व्हिला नोव्हा द मिलफोंतेश २० किलोमीटर, तिथून आल्मोग्राव्ह १५, मग झांबुझेइरा दो मार २२ आणि शेवटी ओदसैश साडेअठरा.

ही वाट कुणी पर्यटकांसाठी आखलेली नव्हती. गावातले लोक मासे धरायला कड्यांवर आणि किनाऱ्यावर ज्या वाटांनी जायचे, त्याच जोडून हा ट्रेल झाला. आजही कड्याच्या टोकावर लांबलचक गळ टाकून बसलेले काका दिसतात. खाली लाटा फुटतात त्या खडकांवर ‘पर्सेब्श’ नावाचे कवचधारी प्राणी चिकटलेले असतात. ते काढायला माणसं दोराने उतरतात. ते जीवावरचं काम आहे, आणि हॉटेलात त्याची प्लेट महाग का, हे वरून बघितलं की विचारावं लागत नाही.

रस्ता चुकण्याची भीती वाटते ना? नको. दर थोड्या अंतरावर खांबावर किंवा दगडावर हिरव्या आणि निळ्या रंगाचे दोन पट्टे असतात. आडवे दोन पट्टे म्हणजे सरळ जा. फुली दिसली म्हणजे इकडे यायचं नाही. वळण असेल तर पट्टे तसे वळवलेले असतात. बस एवढीच लिपी. आणि काहीच दिसलं नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं.

पहिला दिवस मात्र पायांची परीक्षा बघतो. अंतर कागदावर २० किलोमीटर, पण त्यातला बराचसा भाग वाळूच्या टेकड्यांमधून. पाऊल टाकलं की निम्मं मागे घसरतं. शहरात तुम्ही तासाला पाच किलोमीटर चालत असाल, तर इथे तीनच धरा. बुटात वाळू जाते, मोज्यात जाते, डब्यातही जाते. समोर पेसेगेइरु नावाचं छोटंसं बेट आणि त्यावरचा पडका किल्ला तासभर तरी तुमच्यासोबत असतो. किती चाललो तरी तो तिथेच! आपल्या कोकणात किनाऱ्यावरून जलदुर्ग बघत चालताना होतं, अगदी तसंच.

‘एकटं’ म्हणजे नेमकं काय

चालणं आपल्याला नवीन नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारे आपल्या घरातच असतात. पण वारीत दिंडी असते, टाळ असतो, मागून कुणी तरी ‘माउली, चला’ म्हणतं. थांबलात तर पाणी देणारा हात असतो. एकटं चालणं हा प्रकार आपल्याकडे नाहीच. मुलगी एकटी चालत असेल तर आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘कुठे निघालीस?’ आणि दुसरा, ‘कुणी आलं नाही का सोबत?’

म्हणून पहिल्या दोन तासांत तुम्ही काय कराल ते सांगते. तीन वेळा मोबाइल बघाल. मागे वळून बघाल. मागून पावलं वाजली की हात आपोआप सॅकच्या पट्ट्याकडे जाईल. मग कुणी तरी साठीतली जर्मन बाई ‘बों दीआ’ म्हणून तुम्हाला मागे टाकून निघून जाईल. ही सवय अंगातून जायला मला दीड दिवस लागला. पोर्तुगाल हा जगातल्या सगळ्यात शांत देशांच्या यादीत सातत्याने पहिल्या दहात असतो. या वाटेवर माणसांपेक्षा कड्यांची भीती जास्त बाळगायला हवी. कडे ठिसूळ आहेत, त्यांच्या टोकावर जाऊन सेल्फी काढण्याचा शहाणपणा करू नका.

ती भीती उतरली की दुसरी गोष्ट सुरू होते. डोक्यात कधीपासून साचलेलं सगळं वर येतं. परीक्षा, प्लेसमेंट, त्या मैत्रिणीशी झालेलं भांडण. आणि हे सगळं मराठीत येतं, बरं का! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेही संपतं. मग तुम्हाला वास यायला लागतात. उन्हात तापलेल्या रानझुडपांचा चिकट गोड वास, निलगिरीचा वास, कुठेतरी कोळशावर भाजलेल्या सार्डिनचा. हे चालण्याशिवाय होत नाही, आणि सोबत कुणी बोलायला असेल तर तेव्हाही होत नाही.

सगळ्यात अवघड असते ती संध्याकाळ. दिवसभर एकटं चालणं सोपं, रेस्टॉरंटमध्ये एकट्याने टेबल मागणं कठीण. आजूबाजूला जोडपी, कुटुंबं, आणि तुम्ही मेन्यू कार्डमागे लपलेले. उपाय एकच, लवकर जा. सातच्या सुमाराला टेबलं रिकामी असतात, वाढणाऱ्यांना बोलायला वेळ असतो. आणि ‘आसोर्दा’ मागवा. शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह ऑइल, गरम पाणी, वर अंडं आणि मूठभर कोथिंबीर. कोथिंबीर! युरोपात महिनाभर काढल्यावर तो हिरवा वास आला की डोळ्यांत पाणीच येतं. शिळ्या पोळीला फोडणी देणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हा पदार्थ कुणी समजावून सांगायला लागत नाही. एक सावधगिरी : टेबलावर न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर तसंच परत पाठवा, कुणी रागावत नाही.

कड्यावरची घरटी

तिसरा दिवस सर्वांत लांब, आणि सर्वांत सुंदरही. आल्मोग्राव्हच्या पुढे काळ्या खडकांचे कडे सरळ समुद्रात उतरतात. काबु सार्दांव या भूशिराजवळ आलात की खाली वाकून (पोटावर झोपून म्हटलं तरी चालेल) बघा. समुद्रात उभ्या असलेल्या सुळक्यांच्या टोकावर काटक्यांचे मोठाले ढीग दिसतील. ती पांढऱ्या करकोच्यांची घरटी. हा पक्षी इतरत्र झाडांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर, विजेच्या खांबांवर घर करतो. समुद्राच्या कड्यांवर तो वीण करतो ते फक्त याच किनाऱ्यावर. खाली लाटा फुटत असतात, वारा उभं राहू देत नाही आणि वर पिल्लं मान वर करून बसलेली.

हा सगळा भाग १९९५ पासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे, त्यामुळे मोठमोठी हॉटेलं इथे किनाऱ्यावर चढून बसलेली नाहीत. दक्षिणेकडे आल्गार्व्हच्या काही किनाऱ्यांवर झालेली गर्दी बघितली तर हे किती मोठं आहे ते कळतं. वाळूच्या टेकड्यांवर मात्र जाडजूड पानांची, गुलाबी-पिवळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसेल. फोटोत छान येते, पण ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. वाळू धरून ठेवायला लावली, आता स्थानिक झाडांच्या उरावर बसली आहे.

इथपर्यंत सगळं इन्स्टाग्रामसारखं. आता चौथा दिवस.

पोस्टकार्डाची मागची बाजू

झांबुझेइरातून निघालं की वाट थोडी आत वळते, ब्रेझांव गावाच्या बाजूने. याच भागात फादो गायिका आमालिया रोद्रिगेशचं सुट्टीतलं घर होतं. खालच्या किनाऱ्याला लोक आजही आमालियाचा किनारा म्हणतात. आणि त्याच्याच मागे, नजर पोचेल तिथपर्यंत, पांढरं प्लास्टिक. ग्रीनहाऊसच्या रांगाच रांगा. आत रासबेरी आणि ब्लूबेरी. इथला हिवाळा सौम्य, ऊन भरपूर, म्हणून ही फळं इथे पिकतात आणि उत्तर युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये जातात.

ती तोडतं कोण? कान द्या, कळेल. प्लास्टिकच्या पलीकडून पंजाबी गाणं ऐकू येतं. नेपाळी ऐकू येते, बंगाली ऐकू येते. ओदेमिरा तालुक्यातल्या या शेतांवर काम करणारे हजारो लोक भारत, नेपाळ, बांगलादेश, थायलंड अशा देशांतून आलेले आहेत. ते कसे राहतात हे पोर्तुगालमध्येच बऱ्याच जणांनी २०२१ मध्ये पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी कोविडमुळे साव तिओतोनियु आणि आल्मोग्राव्हचा भाग सरकारने बंद केला, आणि एकेका घरात किती माणसं कोंबलेली आहेत ते टीव्हीवर आलं.

तुम्ही तिथून चालत जाता तेव्हा एक विचित्र गोष्ट होते. आदल्या तीन दिवसांत तुम्ही ‘ट्रेकर’ होता. इथे तुमच्या त्वचेचा रंग आधी दिसतो, सॅक नंतर. कॉफीच्या टपरीवर मालकाने मला विचारलं की कोणत्या शेतावर काम मिळालं. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्याच्या गावात माझ्यासारखी दिसणारी माणसं ज्या कामाला येतात, तेच त्याने विचारलं.

पुढे अर्ध्या तासाने सायकलवरून एक मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल, जालंधरकडचा. थांबला, सायकलवरून उतरला.

‘‘कौन से फार्म में हो?’’

‘‘किसी में नहीं. घूम रही हूँ.’’

‘‘पैदल? बस निकल गई क्या?’’

मी म्हटलं नाही, मुद्दाम चालतेय. तो इतका मनापासून हसला की मलाही हसू आलं. मग सायकल हातात धरून तो एक-दीड किलोमीटर माझ्याबरोबर चालला. रविवार होता. इथे येऊन दोन वर्षं झाली होती. समुद्र त्याच्या खोलीपासून तीन किलोमीटरवर, आणि तो तिथे दोनदा गेला होता. ‘‘छुट्टी में नींद पूरी करते हैं,’’ म्हणाला. करकोचे दाखवले का कुणी, विचारलं, तर म्हणाला कसले करकोचे. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्याने झूम करून बघितले आणि घरी पाठवायला मागून घेतले.

मग त्याने विचारलं, या फिरण्याला पैसे किती लागले. मी आकडा सांगितला, साधारण दोनशे युरो. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘इतना मैं हर महीने घर भेजता हूँ.’’ टोमणा नव्हता, तो फक्त हिशेब करत होता.

आम्हा दोघांचा पासपोर्ट एकाच रंगाचा. पण माझ्याकडे कॉलेजचं पत्र होतं, परतीचं तिकीट होतं. त्याच्याकडे कागद होण्याची वाट बघणं होतं. २०२४ च्या जूनपर्यंत पोर्तुगालमध्ये एक सोय होती. टुरिस्ट म्हणून आलेल्या माणसाला काम मिळालं आणि तो सोशल सिक्युरिटी भरत असला, तर राहण्याचा परवाना मागता यायचा. ती सोय नव्या सरकारने बंद केली. आधी अर्ज केलेले रांगेत, नंतर आलेल्यांना ती दारंच नाहीत. स्थलांतर हा आज त्या देशातला सगळ्यात तापलेला राजकीय मुद्दा आहे, आणि त्या मुद्द्याला चेहरा आहे तो या मुलासारख्यांचा.

‘पागार’ या शब्दाची गंमत मी वर सांगितली. त्या दुपारनंतर तो शब्द मला तेवढा गमतीचा वाटला नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? झांबुझेइरा ते ओदसैश बसने गेलात तर दोन सुंदर किनारे दिसतात आणि मधला भाग झोपेत जातो. पायी गेलात तर मधला भाग गाळता येत नाही. कडा, करकोचा, प्लास्टिक, पंजाबी गाणं, सगळं त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने समोर येतं. ग्रुपमध्ये असता तर तो मुलगा थांबलाही नसता. चारपाच जण हसत-खिदळत चाललेत म्हटल्यावर कोण सायकलवरून उतरेल? एकट्या माणसाशी लोक बोलतात, कारण एकट्या माणसाला बोलायला वेळ आहे हे त्यांना दिसतं.

त्यानंतर ओदसैश येतंच. टेकडीवर पांढरी घरं, वर जुनी पवनचक्की, खाली नदी वळसा घेऊन समुद्राला मिळते. नदीच्या अलीकडे आलेंतेजु, पलीकडे आल्गार्व्ह. पाय पाण्यात घाला. फोड आलेले असतील, झोंबेल. तरी घाला.

बॅग भरण्याआधी

• व्हिसा : शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसाची फी मोठ्यांसाठी ९० युरो. किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा. कॉलेजचं पत्र, आईवडिलांची बँक स्टेटमेंट्स आणि रोजच्या मुक्कामाचं बुकिंग लागतं. म्हणून आधी टप्पे ठरवा, मग बुकिंग, मग अर्ज. विमानाचं तिकीट धरून हा खर्च लहान नाही, हे उघड आहे. म्हणूनच कॉलेजचे एक्स्चेंज प्रोग्राम आणि इरास्मसच्या स्कॉलरशिप आधी बघा. एकदा तिकडे पोचलात की चालणं हा सगळ्यात स्वस्त प्रवास आहे.

• कधी जायचं : मार्च ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाळू तापते, सावली नाही, आणि राहण्याचे दर चढतात.

• राहणं : या गावांत हॉस्टेलं आहेत. सीझन नसताना डॉर्ममधला बेड साधारण २५ युरोच्या आसपास पडतो. तंबू कुठेही ठोकायला परवानगी नाही, कॅम्पसाइटवरच राहायचं.

• पाणी आणि खाणं : नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. दोन गावांच्या मध्ये बऱ्याचदा एकही दुकान नाही, तेव्हा दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं सोबत ठेवा. पाव, चीज, संत्री चालतात. घरून नेलेली शेंगदाण्याची चिक्की तर वाळूत सोन्याच्या भावाने विकली जाईल.

• पाय : नवे बूट घालून जाऊ नका. निदान महिनाभर आधी तेच बूट घालून कॉलेजला जा. वाळूसाठी जाड मोज्यांचे दोन जोड.

• सेफ्टी : ऑफलाइन मॅप डाउनलोड करा. हॉस्टेलवर आज कुठवर जाणार ते सांगून निघा. अंधाराच्या आत पोचा. इमर्जन्सीसाठी ११२. दोन्ही कानांत इअरफोन घालून कड्यावरून चालू नका.

• घरचे : उन्हाळी वेळेत पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तुम्ही संध्याकाळी सहाला पोचलात की इथे साडेदहा वाजलेले असतात आणि आई जागीच असते. पोचल्या पोचल्या आधी तिला लोकेशन, मग आंघोळ.

हे सगळं वाचून ‘एवढ्या लांब जायचं म्हणजे…’ असं वाटत असेल, तर तेही बरोबर आहे. पोर्तुगाल कुठे पळून जात नाही. तोवर एक करा. येत्या रविवारी सकाळी ओळखीच्या नसलेल्या एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर उतरा आणि पुढच्या गावापर्यंत आठ-दहा किलोमीटर एकटे चालत जा. रस्ता दिवसाउजेडीचा आणि वर्दळीचा निवडा, घरी सांगून जा. पहिला तास तुम्ही मोबाइल बघाल, मग हळूहळू थांबाल. आणि वाटेत सायकलवरून नाहीतर बैलगाडीतून जाणारं कुणी तरी नक्की थांबेल आणि विचारेल, ‘‘काय हो, एसटी चुकली का?’’

नाही म्हणा, आणि गप्पा मारायला लागा.